लोड घेऊ का?

वीजकेंद्रात थोरल्या साडूने सकाळपासून बॉयलरशी झटून वाफ तयार करायची आणि धाकट्याने टर्बाइनच्या डेस्कवर बसून एक बटण दाबून टाळ्या घ्यायच्या, हे थोरल्याला मुळीच पटत नव्हतं. कोळसा दळणाऱ्या गिरण्या, पंखे, ड्रममधलं पाणी, सगळं यानेच निस्तरायचं. घरीही सासूबाई जावयांचं कौतुक करायला लागल्या की गाडी हटकून धाकट्यावरच येऊन थांबायची. याच्या पोटात दुखायला तेवढं पुरायचं.

त्यात आज नवं युनिट पहिल्यांदा ग्रिडला, म्हणजे बाहेरच्या वीजजाळ्याला जोडायचं होतं, आणि पुढे त्या युनिटचा चार्ज, म्हणजे प्रमुखपद, या दोघांपैकी एकालाच मिळणार होतं. मोठे साहेब, पाहुणे, फोटोवाला, झाडून सगळे धाकट्याच्या खुर्चीमागे उभे. बॉयलरच्या डेस्कमागे चिटपाखरू नाही.

धाकट्याने बटण दाबलं, युनिट जोडलं गेलं, टाळ्या पडल्या. आता लगेच लोड घ्यायला, म्हणजे ग्रिडला वीज द्यायला सुरुवात करायला हवी, नाहीतर यंत्र वीज द्यायची सोडून ग्रिडचीच ओढायला लागतं आणि आपोआप बंद पडतं. पण लोड वाढवायचा तर वाफ हवी. म्हणून इथला शिरस्ताच होता, टर्बाइनवाल्याने विचारायचं आणि बॉयलरवाल्याने 'घे' म्हटल्यावरच घ्यायचं.

"दादा, लोड घेऊ का?"

थोरल्याने नीट ऐकलं. वाफ भरपूर होती. पण आपण 'घे' म्हणायचं आणि फोटो याचा निघायचा? बसू दे जरा ताटकळत. तो मुकाट पडद्याकडे बघत राहिला, आणि गुणी बाळ खरंच ताटकळत बसलं. भोंगा वाजला आणि युनिट बंद पडलं. थोरल्याला नुसती फजिती हवी होती, एवढं नको होतं.

साहेब भडकले. धाकटा उठून उभा राहिला.

"विचारलं होतं साहेब, पण या गोंगाटात हळू विचारलं गेलं असणार. माझंच चुकलं."

साहेबांनी थोरल्याकडे पाहिलं.

"मला ऐकू आलं नाही," थोरला म्हणाला.

चार्ज त्याला मिळाला. सगळ्यांत आधी हात मिळवायला धाकटाच आला, आणि चार्ज तुम्हालाच शोभतो म्हणाला. त्यात कुठे खोच आहे का, हे थोरल्याने घरी पोचेपर्यंत शोधून पाहिलं. नव्हती. 'माझंच चुकलं', चारचौघांत, इतकं सहज! आपल्याला ते या जन्मात जमणार नाही हे त्याला कळत होतं, आणि त्यासाठी तो धाकट्यावर आणखीच जळायला लागला.