खेकडा कोनं पाह्यला?

"अन् तो खेकडा कोनं पाह्यला?"

वर्षावासातली, पावसाळी प्रवचनांच्या दिवसांतली संध्याकाळ होती, विहार भरला होता, आणि विचारणारे प्रतिक्षाचे सख्खे वडील होते. परसराम हात पाठीशी बांधून उभे राहिले की समोरच्याची धडगत नसते, हे सिहोरा गावात शेंबड्या पोरालाही ठाऊक. अंगात येणारे, ताईत विकणारे, लिंबू उतरवणारे, सगळ्यांना त्यांनी आयुष्यभर एकच प्रश्न विचारला होता: पुरावा काय?

खेकडा आणला होता प्रतिक्षानेच. तिच्या व्याख्यानाचा विषय होता वर्महोल खरंच असू शकतात का. लोकांना समजावं म्हणून ती म्हणाली, धानाच्या एका बांधीतलं पाणी दुसऱ्या बांधीत जायला धुऱ्याला, म्हणजे मधल्या बांधाला, वळसा घ्यावा लागतो. पण धुऱ्यात खेकड्याने बीळ केलं तर ते आरपार जातं. अवकाशातही असं बीळ असू शकेल. गणित त्याला मनाई करत नाही.

"खेकडा कोणी पाहिला नाही," ती म्हणाली. "बीळही नाही. झालंच तरी प्रकाश पार व्हायच्या आत ते मिटून जाईल. उघडं ठेवायला उलट्या स्वभावाची ऊर्जा लागते, आणि तेवढी अजून कुठे सापडलेली नाही."

"मंग असू शकते असं काहून मनतेस? भूतबी असू शकते मनतेत लोकं."

सगळा विहार हसला. पुढे बसलेल्या म्हाताऱ्या बायजाबाईंनी तर टाळीच वाजवली. सचिव लक्ष्मणरावांनी "प्रश्न बरोबर हाय" असं शिक्कामोर्तब केलं आणि चहा मागवला. प्रतिक्षाचं डोकं भणाणलं. प्रश्न खरंच बरोबर होता आणि तो विचारायला तिला याच माणसाने शिकवलं होतं, म्हणून जास्तच.

उद्या पुण्याच्या संशोधन संस्थेला होकार कळवायचा होता. कॉलेजातली तासिका तत्त्वावरची नोकरी सोडायची आणि बत्तिसाव्या वर्षी याच बिळाचं गणित मांडत बसायचं, पाच-सहा वर्षं. आई गेल्यापासून घरात दोघंच. बाबांनी मनापासून हो म्हणावं, एवढ्यासाठी तिने हे व्याख्यान मागून घेतलं होतं. झालं भलतंच.

घरी जाताना ती बोललीच. "चारचौघात माहं हसं कायले केलं, बाबा?"

"हसं नाही केलं. इचारलं."

"भूतवाल्यात अन् माझ्यात तुमाले काहीच फरक नाही दिसत? तो हायच मनून सांगते. मी हाय का नाही ते पाहाले जाऊन राहिली."

"अन् नाही निघालं तं?"

"तं नाही! बहुतेक नाहीच निघन."

परसराम थांबले. "इतकी वर्षं, एक 'नाही' आनासाठी?"

"हो!" ती एवढ्या जोरात म्हणाली की शेजारच्या ओट्यावरची माणसं वळून पाहू लागली.

ते पुन्हा चालू लागले. चालता चालता म्हणाले, "तू झाली नोहती तवाची गोष्ट. मसनाजवळच्या चिचेखाली मी रातभर बसलो होतो. अमावस्येले. भूत नाही हे दाखवाले."

"मंग?"

"काहीच नाही आलं. मच्छर चावले."

"लोकायनं मानलं?"

"कायचं मानतेत! मनाले लागले, परसरामले पाहून भूतच पळालं." ते स्वतःशीच हसले. "पन कोनाले तरी बसा लागते."

प्रतिक्षालाही हसू आलं, आणि हसू आल्याचा वेगळा राग आला. "हे तिथं काहून नाही सांगतलं?"

"तिथं सांगतलं असतं," ते म्हणाले, "तं तू पुन्याले चाललीच असती."

घर आलं. फाटक त्यांनीच उघडलं आणि ती आत जाईपर्यंत धरून ठेवलं.

सकाळी ती उठली तेव्हा गॅसवर भात शिजत होता आणि परसराम झाकण उचलून उचलून आत बघत होते.

"सरका बाबा, मी करते."

"राहू दे. शिकून राहिलो."

भात खाली लागला होता आणि वर कच्चा होता. एकाच माणसापुरता होता. दोघांनी तो अर्धा अर्धा वाढून घेतला.