उंबऱ्यांचा मनोरा

माकणीच्या धरणाच्या पाण्याला आसपासची मंडळी समिंदर म्हणतात. खरा समुद्र कुणी पाहिलेला नाही, त्यामुळं हरकत घ्यायलाही कुणी नाही. या समिंदराच्या काठावर बब्रुवान गवंड्याचा मनोरा आहे. आहे म्हणजे, गेल्या उन्हाळ्यापर्यंत होता.

गाव बुडालं तेव्हा लोकांनी पत्रे, कड्या, देव्हारे सगळं नेलं. दगड राहिले. दर उन्हाळ्यात पाणी हटलं की बब्रुवान बैलगाडी घेऊन खाली उतरायचा. चावडीचे खांब, वेशीची कमान, कुणाच्या खिडकीची नक्षी, असं एकेक आणून अठरा वर्षं बांधत राहिला. वरून जुन्या गावाची जागा दिसावी, कुणाची चूल कुठं होती ते नातवंडांना बोट करून दाखवावं, एवढीच हौस.

पायऱ्यांना त्यानं घराघरांचे दगडी उंबरे लावले. एका मापाचे, घडीव, चौतीस. गवंड्याला याहून चांगली पायरी कुठली? स्वतः तो बाहेरच्या परांचीवरून चढून काम करायचा. परांची सोडली, नारळ फुटला आणि मग ध्यानात आलं, की वर जायचं तर उंबऱ्यावर पाय द्यावा लागतो. लोक आले, आपापला उंबरा ओळखून हळदकुंकू वाहून गेले. वर कुणी गेलं नाही. बारा वर्षं.

गेल्या वर्षी काठावर सहलीच्या होड्यांसाठी घाट करायचं ठरलं आणि मनोरा पाडायची नोटीस आली. पाहणीला आलेला साहेब येडशीचा, भला माणूस. वापरातली वास्तू ठेवता येते, म्हणाला; पंचनाम्यादिवशी चार माणसं वर चढताना दिसली तरी पुरे. बब्रुवान घरोघर फिरला. सगळे हो म्हणाले.

त्या दिवशी साठेक माणूस जमलं. साहेब पेन उघडून बसला. मग मंडळी एकमेकांना पुढं करू लागली. एरवी पंगतीत पहिल्या पानासाठी भांडणारी माणसं, पण त्या दिवशी प्रत्येकाला दुसरा वडीलधारा वाटला. शेवटी दैवशालाबाई पदर खोचून निघाली, पहिल्या पायरीला हात लावून कपाळाला नेला आणि मागं फिरली.

"बब्रुवानआण्णा, ह्यो तर तुमच्याच घरचा उंबरा. तुमी पाय द्या, मंग आमी येताव."

बब्रुवाननं चपला काढल्या. पाय उचलला. या उंबऱ्यावर त्याची आई रोज सकाळी रांगोळीची दोन बोटं ओढायची. पाय बराच वेळ अधांतरी राहिला, मग हळूच मातीवर परत आला.

"लिहा साहेब," तो म्हणाला. "वापर न्हाय म्हणून लिहा."

साहेबानं लिहिलं. खोटं तर नव्हतंच.

ठेकेदारानं घडीव दगड वाया घालवला नाही. नव्या घाटाच्या पायऱ्या त्याच चौतीस उंबऱ्यांच्या आहेत. सोलापूर, लातूरची मंडळी बूट वाजवत उतरतात, केशरी जाकिटं चढवतात आणि बुडालेल्या गावावरून फेरी मारून येतात.

नाववाला विरेश रोज हाक मारतो. "आण्णा, या की खाली. गावावरनं फिरवून आणतो."

काठावर बसलेला बब्रुवान पायऱ्यांकडं बघतो.

"हितनं बी दिसतंय की," म्हणतो.

दिसत काही नाही. पाणी दिसतं.