दोंदोकाची कुसळं

मरिनाल्वाला घरात काहीतरी जिवंत हवं होतं, आणि त्याचे केस गळायला नको होते. एवढीच तिची अट. जूनमध्ये संत जॉनच्या जत्रेला सगळं कांपिना ग्रांदे शहर नाचतं, तेव्हा रस्त्यावर गरगरणाऱ्या घागऱ्यांतले कितीतरी तिच्या मशीनवरून उतरलेले असतात. पांढऱ्या साटीनवर कुत्र्याचा एक केस दिसला की गिऱ्हाइकं असं तोंड करतात, जणू कुत्राच आत शिवून दिलाय. नवरा साओ पाउलोला गेला तो तिकडचाच झाला. आई वारली. दुपारी मशीन थांबलं की घर खायला उठायचं.

"मग कोळी पाळ," तिची थोरली बहीण इव्होनेत चेष्टेत म्हणाली. "भुंकत नाही, बोलत नाही, नवऱ्यासारखा पळूनही जात नाही."

आपण हे कुणाला म्हणतोय ते इव्होनेतला चांगलं ठाऊक होतं. लहानपणी धुण्याच्या ढिगातून मोठा केसाळ कोळी निघाला आणि मरिनाल्वाने जागच्या जागी झगा ओला केला, ही गोष्ट त्या घरात प्रत्येक नाताळला सांगितली जायची. सगळे हसायचे. भित्र्या माणसाला हसणं हा फुकटचा करमणुकीचा खेळ आहे, आणि तो खेळायला सर्वात आधी घरचेच बसतात. मरिनाल्वा त्या हसण्याला विटली होती. म्हणून ती खरंच गेली.

शहराबाहेर सेउ ओनोफ्रे, म्हणजे आपले ओनोफ्रेराव, सरकारी परवाना घेऊन कोळी वाढवायचे. काचेच्या पेट्यांची रांगच रांग. मरिनाल्वा दारातच थबकली.

"लहान देऊ की मोठा?" ओनोफ्रेंनी विचारलं.

"मोठा. लहान हरवला तर कपड्यांत शोधायचा कसा?"

"हे मात्र शहाणपणाचं बोललीस. आणि मादीच घे. नर तीन-चार वर्षांत मरतो, मादी तुझ्या म्हातारपणापर्यंत पुरेल."

त्यांनी झाकणं उघडली. तिथल्या पाराइबा राज्यातल्या दगडधोंड्यांत सापडते ती जात, पाय पसरले की जेवणाची बशी झाकेल एवढी, काळी, पोटावर लांब गुलाबीसर केस. एक पेटीच्या कोपऱ्यात शांत बसली होती, मखमली. दुसरीच्या पोटामागे चांगला नाण्याएवढा टक्कल पडलेला भाग होता, गुळगुळीत, फिकट.

"ती शांत आहे, ती घे," ओनोफ्रे म्हणाले. "ही टकली चिडकी आहे. कुणी जवळ आलं की मागच्या पायांनी पोट खरवडते आणि कुसळं उडवते. खाजकुइली परवडली. डोळ्यात गेलं तर डोळा जातो."

पण मरिनाल्वाने शिंपिणीचा हिशोब केला. हिचे केस उडून संपलेत. ज्याचे केस संपले ते गळणार कुठून? मखमलीवाली उद्या टकली होईल, ती सगळी मखमल माझ्या साटीनवर.

"मला टकलीच द्या."

"अगं, पण कात टाकली की तिला पुन्हा..."

"सेउ ओनोफ्रे, तुम्हाला ती ठेवून घ्यायची आहे का?"

त्यांनी खांदे उडवले. जो माणूस ऐकत नाही त्याच्यापुढे दुसऱ्यांदा बोलायचं नाही, असा त्यांचा बाणा होता. असले बाणेदार लोक जगात फार आहेत. अर्धवट सांगतात आणि मग म्हणतात, मी सांगितलं होतं.

तिने कोळ्याचं नाव दोंदोका ठेवलं. काम न करता मिरवणारी बाई ती दोंदोका. झुरळ टाकलं की घ्यायची, नाहीतर नारळाच्या करवंटीखाली बसून राहायची. मरिनाल्वा चिमट्याने झुरळ टाकताना अजून डोळे बारीक करायची, श्वास धरायची. पण दुपारी मशीन थांबलं की ती पेटीकडे बघून बोलायची, आणि हळूहळू भिंती अंगावर येईनाशा झाल्या. भीती मात्र गेली नव्हती. पेटीच्या झाकणाला कडेने फट होती, तिथून दोंदोका निघेल म्हणून तिने साटीनच्या अस्तराची एक लांब पट्टी घडी करून त्या फटीत आतून ठासून बसवली. दोंदोकाने त्या पट्टीवर जाळं विणलं, तिच्याजवळून येरझारा घातल्या, चिडली की तिकडेच पाठ करून टकलाच्या कडेचं पोट खरवडलं.

मग एकदा दोंदोकाने खाणं सोडलं आणि एका सकाळी ती उताणी पडलेली दिसली, पाय वर आकसलेले. मेली. मरिनाल्वा पेटीपुढे बसून रडली, आणि कोळ्यासाठी रडतेय म्हणून स्वतःवर चिडलीही. संध्याकाळी बघते तर पेटीत दोन दोंदोका. एक पोकळ, फाटलेली. दुसरी ओली, चकचकीत, आणि टकलाचा मागमूस नाही. पोटभर दाट, ताजी मखमल.

ती पाहून मरिनाल्वाने झाकण घट्ट लावून घेतलं. पण पेटी साफ करणं भाग होतं. दोंदोकाचं अंग कडक होईपर्यंत ती थांबली. मग लांब चिमट्याने कात काढली, जाळं काढलं, फटीतली पट्टी काढून तिथे स्पंज लावला. साटीनची पट्टी चांगलीच होती. शिंपीण माणूस चांगली पट्टी टाकत नाही. तिने ती अंगणात झटकली आणि घरात नेसायच्या नव्या परकराला नाडी म्हणून ओवली.

खाज पाठीकडून सुरू झाली. आधी वाटलं घामोळं. मग आरशात पाठ वळवून पाहिलं तर कमरेवर लाल पट्टा उठलेला, त्यावर बारीक पुरळ, आणि पट्ट्याचं एक टोक डाव्या कुशीकडे सरकलेलं, दुसरं उजव्या.

मरिनाल्वाला पुरळ दिसलंच नाही, नागीण दिसली.

कारण आई नागिणीनेच गेली होती. विषारी जीव कपड्यावरून चालून गेला आणि ते कपडे अंगात घातले की नागीण उठते, कमरेभोवती सरकते, आणि तिचं तोंड शेपटीला भिडलं की माणूस संपतो, हे तिकडे तान्ह्या पोरालाही माहीत असतं. आरोग्यकेंद्रातली तरुण डॉक्टरीण हसली होती. "असलं काही नसतं हो आजी," म्हणाली, टेबलापलीकडूनच बघितलं आणि पुढच्याला हाक मारली. हसल्याने भीती जात नाही. ती घरी येते आणि आणखी मोठी होऊन बसते. आई घरी आली. इव्होनेतने तिच्या पाठीमागे आरसा धरला आणि रडत म्हणाली, "भिडली गं आई." आईने ते ऐकलं, खाटेवर पडली, भिंतीकडे तोंड केलं. पेज नको, पाणी नको. बोलायलाही नको. अशीच गेली.

मरिनाल्वाने कुणाला सांगितलं नाही, ती सरळ मंत्राने नागीण कापणाऱ्या दोना झुल्मिराकडे गेली. मंतरणाऱ्या बाईकडे जाताना स्वच्छ जावं म्हणून चर्चचा पांढरा झगा घातला. दोना झुल्मिराने एरंडाचा हिरवा देठ आणि सुरी घेतली, देठ तिच्या कमरेजवळ धरला.

"काय कापते मी?"

"नागीण," मरिनाल्वाने उत्तर दिलं.

"तोंड कापते, मधलं कापते, शेपूट कापते." देठाचे तुकडे जमिनीवर पडले. "काय कापते मी?"

"नागीण."

त्या दिवशी खाज खरंच थांबली. मरिनाल्वा ढसाढसा रडली, देवाचे आभार मानले. दुसऱ्या दिवशी घरचा परकर नेसली आणि दुपारपर्यंत कंबर पेटली.

ती पुन्हा झगा घालून धावली. दोना झुल्मिराने डोळे बारीक केले. "पोरी, तू मला काहीतरी लपवतेस. कुठला जीव चालला तुझ्या कपड्यांवरून? नाव चुकीचं घेतलं तर सुरी हवेत फिरते."

"माझ्याकडे... कोळी आहे. पाळलाय."

म्हातारीने सुरी खाली ठेवली. "पाळलाय? सैतानाला झुरळं चारतेस आणि मला सांगतेस काप?"

संध्याकाळच्या आत इव्होनेतला कळलं. ती दारातच ओरडली, "मी चेष्टा केली होती गं! चेष्टा! कुठंय ती? मी जाळून टाकते."

"हात लावू नकोस तिला."

"तुझ्या परकरावरून चालली असेल ती मेली!"

"ती पेटीतून बाहेर कधी आलीच नाही, ताई."

"तुला काय माहीत? तू झोपतेस ना?"

त्या रात्रीपासून मरिनाल्वाने डोळ्याला डोळा लावला नाही.

आता ती दिवसातून कितीदा आरशापुढे जायची. दोन्ही टोकं पुढे आली होती, बेंबीखाली पोहोचली होती, आणि तिथे थांबली होती. मध्ये चार बोटं कोरी कातडी. परकराचा चिरा नेमका तिथे यायचा आणि नाडीची गाठ कातडीपासून सुटी राहायची, पण तिच्या डोक्यात परकर नव्हता. तिच्या डोक्यात ती चार बोटं होती. हात लावून बघायची, आहे का अजून? आहे. घास घशाखाली उतरेना. मशीनवर एका गिऱ्हाइकाचा घागरा अर्धवट पडून होता.

उजव्या कुशीला आग फार व्हायला लागली तेव्हा तिने परकर फिरवून चिरा कुशीवर घेतला. तिथे तरी घट्ट काही लागू नये. एक दिवस, दोन दिवस ती तशीच नेसली. मग सकाळी आरशात पाहिलं.

भिडली होती. बेंबीखाली कोरी कातडी उरलीच नव्हती. लाल, उठलेलं, सलग.

ती ओरडलीही नाही. खाटेवर जाऊन पडली आणि भिंतीकडे तोंड केलं. भिंतीवर चुन्याचा पोपडा सुटला होता, त्याच्याकडे बघत राहिली. छातीत धडधड एवढी की खाट हलतेय असं वाटावं. आता होईल, आता होईल. तिला आईच्या पाठीची आठवण झाली, मागून दिसणारी, उठलेल्या मणक्यांची. आई त्या वेळी हेच ऐकत होती. स्वतःची धडधड.

इव्होनेत आली, बहिणीला तसं पाहिलं आणि काय ते समजली. तिने कपाट उघडून मेणबत्ती काढली, पेटवली, मरिनाल्वाच्या मुठीत दिली आणि मूठ मिटून धरली. मरणाऱ्याने उजेडाशिवाय जाऊ नये, म्हणून तिकडे देतात तशी.

"झगा घालते तुला," ती हुंदके देत म्हणाली. "या परकरात नको जाऊस."

तिने नाडीची गाठ सोडायला घेतली. गाठ घामाने आवळली होती. इव्होनेतने नाडी बोटांभोवती गुंडाळून ओढली, पुन्हा ओढली, शेवटी सगळी नाडी नेफ्यातून सर्रकन बाहेर काढली, आणि ती हातात धरूनच प्रार्थना म्हणू लागली. म्हणता म्हणता थांबली. तळहात खाटेच्या कडेला घासला. पुन्हा घासला.

"काय झालं?" मरिनाल्वाने भिंतीकडेच बघत विचारलं.

"काही नाही. तू पड. हाताला काहीतरी चावतंय." मग तिचा आवाज फाटला. "मरिनाल्वा! मलाही आली!"

मरिनाल्वाने मान वळवली. इव्होनेतने दोन्ही हात पुढे धरले होते. बोटांवर लाल पट्टे, वेढ्यासारखे, जिथे जिथे नाडी गुंडाळली होती तिथे तिथे. कमरेला नाही. बोटांना. कुठल्या नागिणीने बोटाला वेढे घातल्याचं मरिनाल्वाने जन्मात ऐकलं नव्हतं. तिच्या मांडीवर नाडी पडली होती. साटीनचं अस्तर. फटीतली पट्टी.

तिने एका क्षणात सगळं पाहिलं, आणि त्याच क्षणी हेही पाहिलं, की रडणारी इव्होनेत डोळे पुसायला हात वर नेते आहे.

"डोळ्याला नको!" मरिनाल्वा अशी किंचाळली की रस्त्यावरचं कुत्रं भुंकलं. मेणबत्ती फेकून ती बहिणीवर तुटून पडली, दोन्ही मनगटं धरली. "डोळ्याला हात लावलास तर डोळा जाईल तुझा! हात खाली घे!"

"सोड मला! वेडी झालीस का? तू मरतेयस ना!"

"मी नाही मरत! कुसळं आहेत ती, दोंदोकाची कुसळं! नाडीत भरलीत! खाली घे म्हणते ना!"

दोघी खाटेवरून खाली आल्या. इव्होनेत थोरली आणि अंगाने दुप्पट, पण मरिनाल्वाने मनगटं सोडली नाहीत. मेणबत्ती चटईवर पडून धुपत होती, ती तिने टाचेने विझवली. टाच पोळली. पोळू दे. एवढ्या भीतीतही तिला संताप आला. त्या डॉक्टरणीचा, सुरीचा, अर्धवट सांगणाऱ्या ओनोफ्रेंचा, झटकली म्हणजे झाली म्हणणाऱ्या स्वतःचा.

मशीनच्या खणात चिकटपट्टी होती. तिने बहिणीला नळापाशी बसवलं, मनगटं गुडघ्यात दाबून धरली आणि चिकटपट्टी बोटांवर दाबून उपटली. उजेडात धरली. पट्टीवर केसाहूनही बारीक, सोनेरी, टोकदार असं काहीतरी चिकटलं होतं. इव्होनेतने ते पाहिलं. तिचं रडणं थांबलं, तोंड उघडंच राहिलं.

"हे? एवढंसं?"

"एवढंसंच. चोळू नकोस, चोळलं की आत जातं. हलू नकोस." मरिनाल्वाने नवा तुकडा तोडला, दाबला, उपटला. "हे झालं की माझी पाठ कर. मग दोघी डॉक्टरकडे जाऊ. हसली तर हसली, टेबलाच्या अलीकडे बोलावून बघायला लावू."

एकेक बोट करत ती चिकटपट्टी उपटत राहिली. पेटीत दोंदोका नारळाच्या करवंटीवर पाय घासत होती, आणि तो आवाज ऐकून मरिनाल्वाच्या मानेवर अजूनही काटा येत होता.

"पण मग आई?" इव्होनेतने अगदी हळू विचारलं. "आईकडे तर कोळी नव्हता. तिचीही भिडली होती. मीच बघितली होती ना आरशात. भिडली होती ना गं?"

मरिनाल्वाने तिच्याकडे पाहिलं नाही. आई खाटेवर पडली होती ती 'भिडली' ऐकल्यावर, हे आठवत तिने शेवटच्या बोटावरची चिकटपट्टी उपटली.

"दुसरा हात दे, ताई," ती म्हणाली.