माइकवरची बाई

"आवाजच ना? जीव तर नाही ना गेला?" डॉक्टरीणबाई म्हणाल्या आणि माझी फाइल मिटून मोकळ्या झाल्या.

मी खुर्ची सोडली नाही. "आवाज जाड होऊ शकतो, हे तुम्हाला माहीत होतं?"

"क्वचित एखादीचा होतो. रक्तस्राव थांबला ना तुमचा?"

थांबला होता. ते नाकारण्याइतकी मी कृतघ्न नाही. त्याआधी मी बस स्थानकाच्या केबिनमध्ये चादरीची घडी खाली घालून बसत होते, आणि एकदा तर जिन्यातच चक्कर येऊन कोसळले होते. गोळ्यांनी ते थांबवलं. पण पुढे हनुवटीवर केस आले आणि आवाज खाली खाली उतरत गेला. मी आपली सर्दी समजून मिठाच्या पाण्याच्या गुळण्या करत राहिले आणि गोळ्याही इमानेइतबारे घेत राहिले.

"मग आधी का नाही सांगितलंत?"

"सांगितलं की बायका घाबरतात. गोळ्याच घेत नाहीत."

"ते मी ठरवलं असतं. मी माइकवर बोलून पोट भरते."

"बरं, बंद करा या. दुसऱ्या देते."

"आवाज परत येईल?"

"येतो कधी कधी," त्या म्हणाल्या आणि पुढच्या बाईसाठी घंटी वाजवली.

घरी नवऱ्याने मला हाक मारायला लावली आणि म्हणाला, "घरात आता दोन पुरुष झाले." स्वतःच्याच विनोदावर तो जेवण होईपर्यंत हसत होता. नणंदेचा फोन आला. "दादा, वहिनीला दे जरा." मी म्हटलं, "वहिनीच बोलतेय." त्यानंतर ती माझ्या फोनवर फोन करेनाशी झाली.

हे सगळं मी गिळलं असतं. पण गाड्या पुकारणं ही माझी एकटीची गोष्ट होती. लोक मला चेहऱ्याने ओळखत नसत, पण भाजीवाल्याकडे मी तोंड उघडलं की आजूबाजूच्या माना वळायच्या. ते मला आवडायचं. का नाही आवडणार?

स्थानकप्रमुखांनी बोलावून घेतलं. "मॅडम, तक्रारी येताहेत. माइकवर कुणाला बसवलंय म्हणून विचारतात."

"औषधाने झालंय."

"कसलं औषध?"

"पाळीचं."

ते टेबलावरच्या पेपरवेटकडे बघत म्हणाले, "तो तुमचा वैयक्तिक प्रश्न झाला. आपल्याकडे तुमची जुनी रेकॉर्डिंग आहेत, तीच लावू."

म्हणजे माझी पाळी माझी वैयक्तिक, आणि माझा आवाज मात्र स्थानकाचा. मला चौकशीच्या खिडकीत बसवलं. वर केबिनमध्ये कॉम्प्युटर वेळापत्रकाप्रमाणे मला वाजवू लागला. दिवसभर ती रेकॉर्डिंगमधली बाई डोक्यावर बोलायची आणि खाली मी लोकांना सुट्टे पैसे कुठे मिळतील ते सांगायचे.

एका दुपारी मोठ्या दवाखान्याला जाणाऱ्या गाडीचा ड्रायव्हर खिडकीशी आला. "बाई, चार नंबरच्या फलाटावर बंद पडलेली गाडी अडकलीय. मी सातला लावलीय. जरा पुकारा की."

चार नंबरच्या बाकांवर फायली मांडीवर घेतलेली माणसं बसली होती. पुढची गाडी संध्याकाळी, म्हणजे दवाखाना बंद झाल्यावर. मी वर गेले आणि माइक सुरू केला. "मोठ्या दवाखान्याला जाणारी गाडी फलाट क्रमांक सातवर उभी आहे."

दोन पोरं फिदीफिदी हसली. हिरव्या साडीतली एक बाई फाइल सावरत उठली. तेवढ्यात स्पीकरमधून ती गोड बया बोलली, "प्रवाशांनी कृपया लक्ष द्यावे. मोठ्या दवाखान्याला जाणारी गाडी फलाट क्रमांक चारवर येत आहे."

हिरव्या साडीतली बाई पुन्हा खाली बसली.

मी परत सांगितलं. ती परत बोलली. लोकांनी तिचंच ऐकलं. मला तिचा राग आला, अगदी पोटातून. इतकं लाडिक बोलत होती आणि धडधडीत खोटं सांगत होती.

स्थानकप्रमुख धापा टाकत वर आले. "कुणी सांगितलं तुम्हाला? खाली गोंधळ चाललाय."

"गाडी सातला आहे."

"मी कुणाला तरी पाठवून सांगतो. तुम्ही माइक सोडा."

सातवर ड्रायव्हरने इंजिन सुरू केलं होतं. मी कॉम्प्युटरमागे हात घातला आणि त्याची स्पीकरला जाणारी वायर उपटली; माइकची वेगळी होती. ती वाक्याच्या मध्येच गप्प झाली. एवढ्या वर्षांचा माझा आवाज, आणि मला जराही वाईट वाटलं नाही. वाईट नंतर वाटलं, घरी, भांडी घासताना.

"मेमो मिळेल तुम्हाला," ते म्हणाले.

"द्या. पाळीच्या गोळ्यांमुळे, असं कारण त्यात लिहा."

मी माइक तोंडाशी ओढला. "प्रवाशांनी कृपया लक्ष द्यावे. गाडी फलाट क्रमांक सातवर आहे." हिरव्या साडीतल्या बाईने मान वर करून केबिनच्या काचेकडे पाहिलं. मी काचेशी उभी राहिले, तिला मी नीट दिसावं म्हणून. ती उठून सातकडे चालू लागेपर्यंत मी तेच पुन्हा पुन्हा सांगत राहिले.