गाण्याआधीची खरखर

टेसा ड्रायर आली ती वडिलांचा आवाज मागायलाच. शहरातल्या पहिल्या एफएम रॉक निवेदकांच्या आठवणींचा कार्यक्रम शनिवारी टोलीडोच्या लायब्ररीत होता आणि लेन ड्रायरबद्दल तिला बोलायचं होतं. लेन वारला तेव्हा ती जेमतेम दोन वर्षांची होती.

"एखादी टेप असेलच ना तुमच्याकडे?"

वांडा गोर्स्कीने नकारार्थी मान हलवली. रेडिओ स्टेशनवर लेनची पाळी संपली की माइकसमोर तीच बसायची. "टेप महाग होत्या, पोरी. आज कार्यक्रम, उद्या त्यावरच जाहिरात. आमचे आवाज आम्हीच पुसले."

"मग मी बोलू काय? त्यांचा एक शब्दही मला ठाऊक नाही."

"तो बोलायचा कसला, पुटपुटायचा! एकदा रेकॉर्डची अख्खी बाजू लावून गच्चीवर सिगारेट ओढायला गेला आणि दार मागून बंद झालं. इकडे सुई अडकली. शहराने एकच ओळ अर्धा तास ऐकली. परत येऊन म्हणतो कसा, 'झाली का पाठ?'"

टेसा हसली, पण कॉफीला तिने हात लावला नाही.

वांडाने कपाटातून एक रेकॉर्ड काढली. स्टेशन बंद झालं तेव्हा तिने ती घरी आणली होती. तिसऱ्या गाण्यावर सुई टेकवली. तव्यावर तेल तडतडावं तशी खरखर झाली, मग गिटार.

"खराब झालीय?"

"झिजलीय. आपलं बोलणं संपताक्षणी गाणं सुरू व्हावं म्हणून आम्ही सुई गाण्याच्या तोंडाशी ठेवायचो आणि तबकडी हाताने मागेपुढे फिरवायचो. रोज तेच केलं की खाच तिथेच झिजते. आणि हे गाणं लेनशिवाय कुणी लावत नसे, आम्हाला झोप यायची. म्हणजे ही खरखर त्याच्या हाताची. हिच्या अलीकडे तो बोलत असायचा."

"काय?"

"बहुतेक हवामान. आणि तेही चुकीचं."

टेसाने तबकडीवर बोट ठेवलं आणि ती उलटी फिरवली. आणखी झिजेल, असं वांडाच्या ओठांवर आलं होतं. ते तिने गिळलं.

"अजून जरा मागे घे. हं, तिथेच धरून ठेव. आता बोल, आणि मग सोड."

खिडकीबाहेर बर्फमिश्रित पाऊस पडत होता. टेसाने घसा खाकरला.

"टोलीडोकर, शनिवारी लख्ख ऊन पडणार आहे," ती पुटपुटली आणि तिने बोट उचललं.