सतरा नंबरचा दिवा

मित्रांनो, मी एक जुने रेल्वे इंजिन आहे. पण माझ्यात बसायला याल तर फसाल, कारण मीच तुमच्या खिशात मावेन! एका घड्याळजीकाकांच्या माळ्यावर, मोठ्या टेबलावर मांडलेल्या रुळांवरून मी तीस वर्षे धावलो. माझ्या अंगावरचा सतरा हा आकडा काकूंनी स्वतः रंगवला होता. त्याचा मला कोण तोरा!

माझ्या कपाळावर एक बल्ब होता. मी पळालो की तो पेटे, थांबलो की विझे. मला वाटे, दिव्यांची रीतच अशी.

मग नवे इंजिन आले. ते स्टेशनात स्वस्थ उभे राही आणि तरी त्याचा दिवा लख्ख जळे!

"बाई बाई, नवरदेवच जणू!" काकू म्हणाल्या. तेच त्याचे नाव पडले.

नवरदेवाच्या पोटात डिकोडर होता. डिकोडर म्हणजे नखाएवढी पट्टी. रुळांतून आलेला हुकूम आपल्यासाठी आहे की नाही, हे ती ओळखते. काकांनी सगळ्या रुळांची वीज त्याच्यासाठी बदलली. ती मला चालेना, म्हणून मी फळीवर गेलो. तिथून तो दिवा बघून माझा रोज जळफळाट होई. नवरदेव रुळावरून घसरला की मी मनातल्या मनात टाळ्या वाजवी.

एकदा काकू म्हणाल्या, "अहो, आपल्या म्हातारबालाही बसवा की तो डिकोडर."

"बघतो. जमलं तर ठीक, नाहीतर खोक्यात. मला हत्यारांना फळी हवीये."

खोके! माझी चाके गार पडली.

काकांनी माझे वरचे कवच काढले. जुन्या बल्बचा एक पाय माझ्या धातूच्या अंगाला टेकलेला होता. "हा असाच ठेवला तर डिकोडरची राख होईल," असे पुटपुटत त्यांनी तो काढला आणि बारीकसा एलईडी बसवला. डिकोडरच्या निळ्या आणि पांढऱ्या तारा त्याला जोडल्या. कळ दाबली. अंधार.

काकू शिवणाचा चष्मा सावरत वाकल्या. "उलटा तर नाही लागला? मी परवा बाही उलटी जोडली, तशी?"

काकांनी तारांची अदलाबदल केली. कळ दाबली. दिवा पेटला, आणि मी जागेवरच उभा होतो!

मला नवरदेवासमोर, त्याच रुळावर ठेवले. काकांनी कळीच्या पेटीवर तीन नंबर लावला. तो नवरदेवाचा नंबर; त्यावरचा हुकूम फक्त त्यानेच ऐकायचा. पण हुकूम माझ्याही पोटात घुमला. मला वाटले, अखेर मलाच बोलावले! मी सुसाट निघालो. नवरदेवही निघाला. धाडकन टक्कर झाली आणि त्याचा दिवा विझला.

खोटे कशाला बोलू? क्षणभर मला गंमत वाटली.

"गेलं हे खोक्यात!" काका कडाडले.

"त्याचं काय चुकलं हो? दोघांना एकच नाव ठेवलंत, मग एका हाकेला दोघंही ओ देणारच."

काकांनी कपाळावर हात मारला. नवा डिकोडर कारखान्यातून तीन नंबर घेऊनच येतो. तो बदलायचा राहिला होता! त्यांनी मला एकट्याला वेगळ्या रुळावर ठेवले.

"कोणता नंबर देऊ?"

"अंगावर लिहिलाय की! तीस वर्षं काय बघताय?"

मला सतरा नंबर मिळाला. मग नवरदेवाची सुटलेली तार जोडली गेली. त्याचा दिवा पेटला, तेव्हा मला हायसे वाटले. याचे माझे मलाच नवल वाटले.

मित्रांनो, त्याचा दिवा आजही माझ्या दिव्याहून जास्त शुभ्र आहे, आणि आजही मला थोडे खुपते. पण तीनची हाक आली की मी गप्प उभा राहतो. तुमच्याकडचे जुने खेळणे बंद पडले, तर खोक्यात टाकण्याआधी एकदा उघडून बघा. एखादी तारच उलटी लागली असेल. आणि त्याचा नंबर त्यालाच विचारा. माझा तर अंगावरच लिहिलेला होता.