सहा गोळ्या

माझा धाकटा भाऊ अठ्ठावन्न किलो सहाशे ग्रॅम भरला. मुष्टियुद्धात सत्तावन्नच्या गटात लढायचं, तर दोन दिवसांत दीड किलोच्या वर उतरवायचं होतं. ही लढत जिंकली की संघात जागा पक्की. नऊ वर्षं त्याचे ठोसे मी हातातल्या पॅडवर झेललेत, ते याच दिवसासाठी.

दुकानदाराने चरबी जाळणाऱ्या गोळ्यांची डबी दिली. "दिवसाला दोन. आत भट्टी पेटते," तो म्हणाला. मी म्हटलं, दोनने पेटते तर सहाने चांगलीच भडकेल, आणि धाकट्याला रोज सहा दिल्या. अतिशहाणा त्याचा बैल रिकामा, तो मीच.

शिवाय घाम गाळायला प्लास्टिकचा सूट चढवून धाकटा दोन दिवस धावला. पाणी बंद. काट्यावर बरोबर सत्तावन्न! मी डबीचा मुका घेतला.

लढतीआधी डॉक्टरीणबाईंनी नाडी धरली. "एवढी धडधड?"

"घाबरलाय हो," मीच म्हणालो. धाकटा माझ्याकडे बघतच राहिला. तो आयुष्यात कुणाला घाबरलेला नाही.

पहिल्या फेरीत त्याने समोरच्याचं नाक फोडलं. दुसरीत त्याचेच हात खाली आले. बरगड्यांवर दोन, जबड्यावर एक. भुवई फाटली, रक्त डोळ्यात उतरलं. कोपऱ्यात येऊन बसला, तेव्हा अंगावर घामाचा थेंब नव्हता.

"दादा, छातीत आतून कुणीतरी मारतंय."

हार कबूल करायचा टॉवेल माझ्याच खांद्यावर होता. "एकच फेरी राहिली रे," मी म्हणालो आणि त्याला उठवलं.

तिसऱ्या फेरीत तो ठोसा बसायच्या आधीच कोसळला. डोकं फळीवर आपटलं, तो आवाज अजून कानात आहे.

इस्पितळात सलाइन लावलं. सकाळी परिचारिकेने वजन केलं: अठ्ठावन्न सहाशे. डॉक्टर म्हणाले, "चरबी तसूभरही हललेली नाही. उतरलं ते पाणी. गोळ्यांनी फक्त काळीज झोडपलं. आता लढणं विसरा."

दुकानदाराचा जबडा फोडायला निघालो होतो. दारापाशी पोचलो, तोच धाकट्याने हाक मारली.

"डबीवर किती लिहिल्या होत्या?"

"दोन," मी म्हणालो.

मी जवळ वाकलो, तसा सुई टोचलेला हात उचलून त्याने माझ्या तोंडावर ठोसा मारला. माशीही मेली नसती त्याने. नऊ वर्षांत त्याचा इतका हलका ठोसा मी कधीच झेलला नव्हता. मी त्याची मूठ दोन्ही हातांत धरली आणि तिथेच रडत बसलो.